कोकणासाठी कॅमेऱ्याची सॅक: आधी बूड बघा, मग पाठ, तोंड शेवटी

दुकानात सॅक नेहमी समोरून दाखवतात. पुढचा कप्पा, त्यावरचा लोगो, आत सरकवता येणारे वेल्क्रोचे खण, लॅपटॉपची जागा. पुण्यात-मुंबईत फिरायचं असेल तर एवढं बघून घेतलेली सॅकही चालून जाते. कोकणात तिला पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर), कातळावर आणि मासळीच्या पाण्यात बसायचं असतं, पाठीचा घाम प्यायचा असतो आणि जून ते सप्टेंबर पावसात उभं राहायचं असतं. तिथे सॅक फाटते ती बुडाशी, भिजते ती पाठीकडून आणि अडते ती चेनमध्ये. म्हणून खरेदीचा क्रम मी उलटा सांगतो.

हे लिहितोय ते नवख्यांसाठी. पहिला कॅमेरा घेऊन झालाय, सोबत आलेली लेन्स आहे, एखादी झूम आहे, आणि आता अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेतरी चार दिवस काढायचेत, अशांसाठी.

आधी वजन करा

सॅक बघायला जाण्यापूर्वी घरात सगळं सामान एका जागी मांडा आणि काट्यावर ठेवा. मधल्या आकाराचा मिररलेस कॅमेरा साधारण साडेसहाशे ग्रॅम, रोजची झूम सातशे, लांबची झूम तेवढीच, ट्रायपॉड दीड किलो, पाण्याची लिटरची बाटली एक किलो. चार्जर, जादा बॅटरी, टॉर्च, पुसायचे कपडे मिळून अर्धा किलो. बऱ्या कॅमेरा सॅकचं स्वतःचं रिकामं वजन दीड-दोन किलो असतं, ते नवखे धरतच नाहीत. बेरीज सात किलोच्या आसपास जाते. साठ किलोच्या माणसाला हे दिवसभर झेपतं. दहा किलो झालं की चढावर आणि वाळूत फोटो काढायची इच्छाच मरते.

एवढ्या सामानाला २० ते २५ लिटरची सॅक पुरते. तीस-पस्तीस लिटरची घेतलीत की रिकामी जागा डोळ्यांत सलते आणि माणूस ती भरतो. त्यातही निदान तिसरा हिस्सा कॅमेऱ्याशिवायच्या गोष्टींना मोकळा हवा. कोकणात सुका पंचा, बदलायचा शर्ट आणि छत्री हे कॅमेऱ्याचंच सामान समजा.

बूड

सॅक उलटी करा आणि बुडाचं कापड चिमटीत धरून बघा. वरच्या कापडापेक्षा ते जाड, रबरी किंवा ताडपत्रीसारखं लेप दिलेलं हवं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळी पठारांवर, कातळशिल्पं बघायला लोक येतात (२०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत), तो सगळा जांभा आहे. जांभ्याला सच्छिद्र, खरखरीत, धारेचा पृष्ठभाग असतो. त्यावर दिवसातून वीस वेळा टेकलेली आणि सरकवलेली साधी नायलॉनची सॅक एका हंगामात बुडाच्या कोपऱ्यांवर विरते. शिल्पांचे फोटो सकाळी किंवा सूर्य कलल्यावरच्या तिरप्या उन्हातच निघतात, कारण कोरीव खोली थोडीच असते. म्हणजे खाली बसून, सॅक शेजारी टेकवून बराच वेळ जातो. आणि हो, सॅक रेषांच्या बाहेर टेकवायची. शिल्पात नाही, मापासाठी म्हणूनही नाही.

बुडावर शिवण आहे का तेही बघा. बूड आणि बाजू एकाच तुकड्यातून वळवलेली असतील आणि शिवण चार बोटं वर असेल, तर ओल्या जेटीवर ठेवल्यावर पाणी सुईच्या भोकांतून आत येत नाही.

कापडावर चारशेवीस किंवा आठशेचाळीस डेनिअर असं काही लिहिलेलं असतं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर; आकडा जितका मोठा तितका धागा जाड. चारशेवीसच्या पुढचं नायलॉन बाजूंना पुरेसं आहे.

पाठ

सॅक पाठीला लावून बघताना ती रिकामी लावू नका. दुकानदाराकडून आत पाच-सात किलो काहीही भरून घ्या. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडापर्यंत तुमची पाठ किती लांब आहे ते घरी कुणाकडून तरी मोजून घेतलेलं असू द्या. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. पट्टा नीट बसला की खांद्यावरचं ओझं लगेच हलकं झाल्यासारखं वाटतं. तसं वाटलं नाही तर ती सॅक दुसऱ्या कुणाच्या तरी मापाची आहे.

उघडायची रीत तीन प्रकारची असते. पुढून उघडणारी सॅक पाठीवर आडवी करून ठेवावी लागते, म्हणजे पाठीचा पट्टा, जो दिवसभर तुमच्या शर्टाला लागणार, तो चिखलात. पाठीकडून उघडणारी सॅक तोंडावर ठेवली जाते, पाठ कोरडी राहते. शिवाय रेल्वेच्या गर्दीत मागून कुणी चेन उघडू शकत नाही. बाजूने उघडणारीत एका खांद्यावरून पुढे फिरवून कॅमेरा काढता येतो, खाली ठेवावीच लागत नाही. कोकणासाठी माझं मत स्पष्ट आहे: पाठीकडून मोठं दार आणि एका बाजूने छोटं. फक्त पुढून उघडणारी असेल तर कितीही देखणी असो, घेऊ नका.

चेन, बकल, लोहचुंबक

आता बारीक गोष्टी, पण कोकणात त्याच आधी बिघडतात. चेन नायलॉनच्या दातांची हवी. धातूच्या दातांना खाऱ्या हवेत हिरवट-पांढरी पूड धरते आणि एक दिवस धावक जागचा हलत नाही. ओढायला धातूच्या जिभेऐवजी दोरीची गाठ असलेली बरी, ओल्या बोटांनाही सापडते. चेनवर रबरी लेप असला तरी ती पाणी थोडा वेळ थोपवते, पूर्ण अडवत नाही. मुरवणाऱ्या पावसात पाणी आत येतंच.

हल्ली लोहचुंबकाने टक्कन लागणाऱ्या बकलांची चलती आहे. शहरात मजा वाटते. रत्नागिरीच्या आसपासच्या किनाऱ्यांवर वाळूत काळे, जड खनिजाचे कण असतात. काळबादेवी किंवा मिऱ्याच्या बाजूला ते पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. त्यातले लोहयुक्त कण चुंबकाला दाढीसारखे चिकटतात आणि बकल अर्धवटच बसतं. फुंकून जात नाहीत, एकेक चिमटीत धरून काढावे लागतात. साधं प्लॅस्टिकचं बकल घ्या. शक्य तर एक जादाही घेऊन ठेवा, कारण पायाखाली येऊन फुटतं ते नेमकं तेच.

चामडं अजिबात नको. फोटोत छान दिसतं, पण आषाढात त्यावर पांढरी बुरशी धरते, पुसली की आठ दिवसांनी परत. मेण लावलेल्या कॅनव्हासचीही तीच गत. वर तो भिजून जड होतो आणि वाळायला दोन दिवस घेतो, आणि पावसाळ्यात ते दोन दिवस मिळत नाहीत. आतून लेप दिलेलं कापड असेल तर अस्तराकडे नाक नेऊन हुंगा. जुन्या स्टॉकमधल्या सॅकच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप दमट, उष्ण हवेत विघटित होऊन चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. तशी सॅक निम्म्या किमतीत मिळाली तरी तिचे पापुद्रे लेन्सवर पडणार.

आता रूप

काळी सॅक उन्हात भट्टी होते. सड्यावर सावलीला झाड नसतं. दोन तास उघड्यावर ठेवलेल्या काळ्या सॅकच्या आतली बॅटरी हाताला गरम लागते. फिकट राखाडीवर तांबडी माती चढली की साबणानेही ती पूर्ण जात नाही. खाकी, शेवाळी, विटकरी हे रंग इथल्या मातीत खपून जातात. मला स्वतःला विटकरी आवडतो. डाग पडला की कळतही नाही.

लोगोचं काय करायचं? मोठा पांढरा लोगो म्हणजे आत काय आहे याची पाटी. चोरीची भीती कोकणातल्या गावांत फारशी नाही, ती स्टेशनवर आणि गर्दीच्या गाडीत. गावात अडचण वेगळी. चकचकीत, दहा पट्टे लोंबणारी सॅक घेऊन तुम्ही वाडीत शिरलात की माणसं सावरून बसतात, पोरं पोझ देतात, आणि तुम्हाला हवा तो फोटो गेलेला असतो. साध्या कॉलेजच्या सॅकसारखी दिसणारी सॅक असली की पडवीतून 'खंयसून इलास?' एवढंच विचारतात, आणि दहा मिनिटांत चहा येतो. लोगो काळ्या धाग्याने शिवून टाका, लोंबणारे पट्टे रबराने गुंडाळा.

अस्तराच्या रंगाकडे कुणी बघत नाही, पण बघा. काळ्या अस्तरात काळी लेन्सची टोपी अंधारात सापडत नाही. दशावताराचा खेळ रात्री उशिरा रंगतो, शिमग्यात पालखी मशालीच्या उजेडात नाचते. अशा वेळी फिकट राखाडी किंवा नारिंगी अस्तर असेल तर टॉर्च न लावता हात बरोबर जागी जातो.

पावसाची परीक्षा

बऱ्याच कॅमेरा सॅकबरोबर रेनकव्हर येतं, आणि ते बघून लोक निर्धास्त होतात. रेनकव्हर म्हणजे इरल्यासारखं: बाहेरची बाजू झाकतं, आतली उघडी. लावणी करणारी बाई वाकलेली असते म्हणून इरलं तिला पुरतं. तुम्ही ताठ चालता. पाणी मानेवरून, खांद्याच्या पट्ट्यांवरून घरंगळत पाठीच्या फोममध्ये मुरतं, आणि पाठीकडून उघडणाऱ्या सॅकची मोठी चेन नेमकी तिथेच असते. शिवाय कव्हरच्या तळाशी पाणी साठतं. तिथे निचऱ्याचं भोक नसेल तर सॅक त्या डबक्यात बसून राहते.

म्हणून घरीच परीक्षा घ्या. सॅकच्या प्रत्येक कप्प्यात जुन्या वर्तमानपत्राचा एकेक कागद ठेवा, आत कपडे भरून तिला आकार द्या, कव्हर घाला, पाठीवर घ्या आणि पागोळीखाली दहा मिनिटं उभे राहा. उभंच नको, थोडं चाला, वाका, बुटाची नाडी बांधा. पाऊस नसेल तर बागेचा पाइप. मग एकेक कागद काढून बघा. कुठला ओला, कुठला दमट, कुठला कोरा. जो कप्पा कोरडा राहिला त्यात बॅटऱ्या आणि कार्ड. कॅमेरा मात्र कोरड्या कप्प्यातही उघडा ठेवायचा नाही. तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्रायबॅगमध्ये घालून मग खणात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आंबोलीत तर त्याच्या दुपटीहून जास्त. आंबोलीला बेडूक आणि साप टिपायला रात्री जाणार असाल तर ड्रायबॅग आधी घ्या, सॅक नंतर.

छत्री विसरू नका. लेन्स बदलायला चार बोटं कोरडी जागा लागते, ती कुठलंच कव्हर देत नाही.

प्रवासात ती कुठे राहते

रेल्वेत खालच्या बाकाखाली, पट्टा बाकाच्या पायाला बकलाने अडकवून. रात्रीच्या कोकणकन्येत उशाला घेतलीत तर झोप लागणार नाही, पण वरच्या बाकावर डोक्याकडे ठेवता येते. एसटीत मांडीवर, मागच्या डिकीत तर मुळीच नको, घाटातल्या वळणांवर तिथे आंब्याच्या पेट्या आणि तुमची लेन्स एकमेकांवर आदळतात. दुचाकीवर मागे बांधू नका. खड्ड्याचा हादरा चाकातून थेट लेन्सपर्यंत जातो, पाठीवर असली की तुमचं शरीर तो खातं.

एसी डब्यातून किंवा गाडीतून उतरल्या-उतरल्या सॅक उघडू नका. थंड काचेवर दमट हवेचं दव बसतं, कधी लेन्सच्या आतही. बंद सॅकमध्ये अर्धा तास गेला की काच हवेच्या तापमानाला येते. पहाटेच्या उजेडासाठी निघालात तर हा अर्धा तास आधीच मोजून ठेवा.

होडीत एक नियम कडक पाळा: चढण्याआधी छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडायचा. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर किंवा राजपुरीहून जंजिऱ्याला जाताना सॅक मांडीवर किंवा एका खांद्यावर सैल. जंजिऱ्याच्या दरवाज्याशी होडी वरखाली होत असताना पायरीवर पाय टाकावा लागतो. तोल गेला तर पट्टे आवळलेली सॅक माणसाला पाण्यात सावरू देत नाही, लाइफ जॅकेट असलं तरी. उतरताना सॅक आधी वरच्या माणसाच्या हातात द्या. खलाशी रोज शेकडो माणसं उतरवतात, ते हात पुढे करतातच. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, तेव्हा तो प्रश्नच येत नाही. दाभोळ-धोपावे किंवा बागमांडले-वेशवीच्या जंगलजेट्टीवर (गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीवर) एवढी काळजी नको, फक्त रॅम्पजवळ उभे राहू नका, तिथे पाणी उडतं.

किनाऱ्यावर ती कुठे ठेवायची

नवख्यांची सॅक पाण्यात जाते ती बहुतेक वेळा भरतीत, आणि तेही पाठ वळवून सूर्यास्त टिपत असताना. कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दिवसात भरती दोनदा, त्यामुळे दुपारी तीन तशीच रात्री तीनच्या पुढेमागे. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पण कॅलेंडरवर नजर टाकून अंदाज बांधायला हे उत्तम.

आता याचा सॅकशी संबंध. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सूर्यास्ताला पूर्ण ओहोटी. पाणी दूर गेलेलं, ओल्या वाळूचा लांबलचक आरसा. फोटोसाठी झकास. तुम्ही पाण्याच्या कडेपर्यंत चालत जाता, सॅक मागे राहते दीडशे पावलं, आणि उधाणाचं पाणी अंधार पडता पडता परत फिरतं. या दिवशी सॅक पाठीवरच ठेवा, खाली ठेवायचीच असेल तर ट्रायपॉडच्या हुकला. अष्टमीच्या संध्याकाळी भरती ऐन सूर्यास्ताला, पण ती भांगाची, फार वर चढत नाही. तेव्हा काटक्या, शिंपले, गवत यांची जी रेघ किनाऱ्यावर पडलेली असते तिच्या वर, सुरूच्या मुळांशी सॅक सुरक्षित.

वाळूवर थेट ठेवू नका. सोबत एक मोठी प्लॅस्टिकची गोणी ठेवा, आडवी पसरली की तिच्यावर सॅक आणि तुमचे गुडघे दोन्ही मावतात.

वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवांची पिल्लं सोडताना जाणार असाल तर सॅक गाडीतच ठेवा. एक कॅमेरा, एक लेन्स, फ्लॅश बंद. दोरीच्या मागे उभं राहायचं असतं आणि पायाशी ठेवलेली कुठलीही गोष्ट पिल्लाच्या वाटेत येऊ शकते.

हर्णै बंदरात

हर्णैचा मासळी लिलाव टिपायला सगळेच जातात, आणि सॅकची खरी कसोटी तिथेच लागते. खाली बर्फाचं वितळलेलं पाणी, खवले, टोपल्या, बैलगाड्या. टेकवायला कोरडी वीतभर जागा नाही. सॅक पुढे, छातीवर घ्या. मागे असली की वळताना कुणाच्या तरी डोक्यावरच्या टोपलीला लागते आणि मग तुमच्यासाठी जो तोंडाचा पट्टा सुटतो तो ऐकण्यासारखा असतो. आत शिरण्याआधीच लेन्स ठरवा. बदलायचीच झाली तर बाजूचं छोटं दार उघडा, कॅमेऱ्याचं तोंड खाली करा, जुनी लेन्स काढून खणात उभी टाका, नवी लावा, मग टोप्या. खणाच्या तळाशी एक सुती फडकं आधीच टाकलेलं असू द्या. मासळीचं पाणी फोममध्ये गेलं तर वास काढायला महिना जातो, आणि गावभरची मांजरं तुमच्या मागे लागतात ते वेगळंच.

घरी आल्यावर

समुद्रावरून आलेली सॅक फक्त झटकून कपाटात टाकली की ती कधीच वाळत नाही. कारण मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याचमुळे. किनाऱ्यावरची हवा बराच काळ त्या आकड्याच्या वरच असते. सॅकच्या कापडात बसलेलं मीठ रात्रभर ओल धरतं आणि ती ओल आतल्या लेन्सपर्यंत जाते. उपाय एकच, गोडं पाणी. खण काढून घ्या, बाहेरून ओल्या फडक्याने दोनदा पुसा, पट्टे आणि बूड बादलीत बुचकळून काढा. चेनचे दात जुन्या टूथब्रशने गोड्या पाण्यात घासा, वाळल्यावर मेणबत्तीचा तुकडा हलका फिरवा. खोबरेल तेल लावायचा मोह होतो, लावू नका, वाळू त्याला चिकटून बसते. वाळवायची सावलीत, वाऱ्यावर, उलटी टांगून.

कॅमेरा आणि लेन्स मात्र सॅकमध्ये ठेवायच्याच नाहीत. फोम ओल धरतो आणि अंधार बुरशीला मानवतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. तांदूळ नकोत, त्यांची पूड काचेवर बसते. सिलिका जेल नारिंगी दाण्यांचं घ्या. ओल शोषली की ते हिरवं होतं, तेव्हा ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीस अंशांवर दोन तास भाजलं की परत नारिंगी. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात लहान मूल असेल तर ते आणू नका.

रिकामी सॅक पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, चिऱ्याची भिंत ओल सोडते. सगळ्या चेना उघड्या ठेवून खुंटीला टांगा, आणि ऊन पडलं त्या दिवशी आठवणीने अंगणात काढा.